लॅमिनायटिस झालेल्या घोड्यासाठी चाटण वीट आणि खनिज मिश्रण कसं निवडायचं

पशुखाद्याच्या दुकानात ‘घोड्यासाठी वीट द्या’ म्हटलं की बहुधा गाईम्हशींचीच वीट पुढे येते. तपकिरी, चिकट, मळीचा वास मारणारी. ही युरिया-मळीची वीट रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी केलेली असते. तिच्यात मळी साधारण ४० टक्के असते आणि मळीत निम्मी साखर. घोडा दिवसाला अर्धा किलो वीट चाटू शकतो, कारण त्याला ती खाऊसारखीच लागते. म्हणजे जवळजवळ १०० ग्रॅम साखर पोटात गेली. युरियाचाही त्याला काही उपयोग नाही, कारण त्याच्याकडे गाईसारखं पोट नाही. ज्या घोड्याच्या टापा एकदा लॅमिनायटिसने, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांच्या दुखण्याने, दुखावल्या आहेत त्याच्या गव्हाणीजवळ ही वीट कधीच नको.

पण वीट बंद केली आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तशीच चालू ठेवली, तर काहीच साधलं नाही. ज्वारीच्या दाण्यात साठ-सत्तर टक्के स्टार्च असतो. एक किलो ज्वारीपुढे विटेतली साखर किरकोळ आहे. गुळाचा खडा, भिजवलेले हरभरे आणि गळीत हंगामात फुकटात मिळणारे उसाचे वाढे यांचाही हिशेब त्याच वहीत मांडायचा.

अशा बहुतेक घोड्यांत दुखण्याचं मूळ रक्तातल्या इन्सुलिनमध्ये असतं. साखर-स्टार्च खाल्ल्यावर इन्सुलिन बेसुमार चढतं आणि टापेचं हाड खुराच्या भिंतीला धरून ठेवणारे पापुद्रे सैल पडतात. कोणतंही खनिज हे थांबवत नाही. खनिजाचं काम वेगळं आहे. धान्य काढून टाकलेल्या, कडब्यावर आलेल्या घोड्याच्या खाण्यात जे कमी पडतं तेवढं भरून काढणं, आणि ते साखरेशिवाय.

आधी वजन काढा. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलो आले. घेर १६३ आणि लांबी १५६ असेल तर साधारण ३५० किलो. वरातीच्या, टांग्याच्या किंवा अकलूजच्या बाजारातून आणलेल्या बऱ्याच घोड्यांचं वजन याच्याच आसपास भरतं. परदेशी मालाच्या पिशवीवरचा डोस मात्र बहुधा ५०० किलोच्या घोड्यासाठी लिहिलेला असतो. खालचे आकडे ३५० किलोसाठी आहेत.

मीठ ही एकच गोष्ट अशी की तिची भूक घोड्याला स्वतःला कळते. तांबं किंवा जस्त कमी आहे म्हणून तो वीट चाटत नाही, मिठासाठी चाटतो. काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण १८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना घाम निघाला, तर लिटरभर घामामागे आठ-नऊ ग्रॅम मीठ जातं. अशा दिवसांत ३५ ते ५० ग्रॅमपर्यंत न्या, पण सकाळ-संध्याकाळ विभागून, आणि बादलीत सतत पाणी हवं. पाण्यातच मीठ कालवू नका. घोडा पाणी पिणंच कमी करतो आणि मग पोटशूळ सुरू होतो.

घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते. टणक विटेतून त्याला पुरेसं मीठ मिळेलच असं नाही. म्हणून रोजचं मीठ सुटं, ओल्या कुट्टीत कालवून द्या आणि वीट वरकड म्हणून ठेवा. वीट साधी पांढरी घ्या. सैंधवही चालतं. मात्र त्यातली ‘८४ खनिजं’ हा विक्रीचा मंत्र आहे. ते जवळजवळ सगळं मीठच असतं आणि गुलाबी रंग लोहाचा. दोरीला ओवून छातीच्या उंचीवर टांगा. गव्हाणीत ठेवलेली वीट पावसाळ्यात पाझरते आणि खालची वैरण खारट करते. लोखंडी पेटी असेल तर ती वर्षभरात गंजून गळते. दोन किलोची वीट चार दिवसांत संपली तर ती चाटलेली नाही, चावलेली आहे. घोडा उपाशी किंवा कंटाळलेला असतो. अशा वेळी वीट काढा आणि वैरण दिवसभरात चार-पाच वेळा थोडी-थोडी टाका.

उन्हाळ्यात ग्लुकोज पावडर किंवा ओआरएस पाजण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. माणसांच्या एका ओआरएस पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅमच असतं. या घोड्याला पाहिजे ते थोडं आणि नको ते जास्त.

आता खनिजं. रंगीत ‘मिनरल’ विटेचं लेबल वाचा. समजा तांबं किलोला ३०० मिलिग्रॅम लिहिलंय. घोड्याने दिवसात २० ग्रॅम वीट चाटली तर तांबं मिळालं ६ मिलिग्रॅम, गरज ७० ची. म्हणजे ही वीट मिठाचीच, भाव मात्र खनिजाचा. म्हणून खनिज मोजून, पावडर स्वरूपातच द्यायचं.

पावडरच्या पिशवीवर आकडे टक्क्यांत असतात. ०.१ टक्का म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब सोपा. गाईम्हशींच्या मिश्रणावर तांबं ०.१, जस्त ०.८, लोह ०.४ टक्के लिहिलं असेल, तर ५० ग्रॅममध्ये तांबं ५०, जस्त ४००, लोह २०० मिलिग्रॅम. घोड्याची रोजची गरज तांबं ७०, जस्त २८०. म्हणजे जस्त इथे तांब्याच्या आठपट झालं. हवं तीन ते चारपट, कारण जास्तीचं जस्त तांबं शोषू देत नाही. तांब्यासाठी डोस वाढवावा तर जस्त आणि लोह दोन्ही वाढतात. लोह वैरणीतून आणि तिच्यावरच्या मातीतून आधीच भरपूर येतं. घोड्यासाठी निवडताना जस्त-तांब्याचं प्रमाण बघा आणि लोह वेगळं घातलेलं नाही ना ते बघा. रक्तवाढीची गोड टॉनिकं यात बसत नाहीत.

लेबलवर मोनेन्सिन, लासालोसिड किंवा सॅलिनोमायसिन दिसलं तर पिशवी परत करा. कोंबड्या आणि गुरांच्या काही खाद्यात ही औषधं असतात. घोड्याच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम मोनेन्सिन पोटात गेलं तरी हृदय बंद पडू शकतं.

सेलेनियमची गरज दिवसाला जेमतेम ०.७ मिलिग्रॅम. वीट, मिश्रण, टॉनिक आणि वर इंजेक्शन अशी चार ठिकाणांहून बेरीज झाली की ते सहज जास्त होतं. मग आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुराला आडव्या भेगा पडतात आणि लॅमिनायटिसच परत आला असं वाटतं.

‘लॅमिनायटिसवर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुधा मॅग्नेशियम आणि क्रोमियम असतं. लठ्ठ, लॅमिनायटिस होऊन गेलेल्या घोड्यांवर दोन्ही देऊन पाहिलं, इन्सुलिनमध्ये फरक पडला नाही. बायोटिन दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम दिलं तर नवा खूर चांगला येतो, पण खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटरच वाढतो. नऊ-दहा महिने थांबायची तयारी असेल तरच पैसे घाला. ई जीवनसत्त्व खरंच कमी पडतं, वाळल्या कडब्यात ते उरत नाही. ३५० ते ७०० आययू द्यावं.

कुट्टी अर्धा ते एक तास पाण्यात भिजवून पाणी फेकून दिलं की विरघळणारी साखर बरीच निघून जाते. सोलापूरच्या उन्हात त्याहून जास्त वेळ नको, आंबते. या पाण्याबरोबर खनिजंही जातात, म्हणून भिजवलेल्या वैरणीवरच्या घोड्याला पावडर चुकवू नका. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो. कोंडा बंद करा आणि कॅल्शियमसाठी वाळवलेला लसूणघास अर्धा किलो टाका. पानाचा चुना घालू नका, तोंड भाजतं.

नवी पावडर पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, आठवड्याने पूर्ण. त्या आठवड्यात रोज टापेच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा. ती ठणठण उडायला लागली, टाप गरम लागली किंवा घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, तर नवं सगळं बंद करून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.

पावडर घोडा खात नसेल तर मोतद्दार हमखास गूळ घालतो. त्याऐवजी चिमूटभर दळलेली मेथी कालवा. तिचा वास घोड्यांना आवडतो.