सोयाबीनमधलं तण: फवारणीआधी त्याची पानं मोजा

पेरणीला पंधरा-वीस दिवस झाले की मध्य प्रदेशातल्या माळव्यात जो तो इमाझेथापायर हे तणनाशक मागायला दुकान गाठतो. पिकाचे दिवस सगळेच मोजतात, तणाची पानं कोणी मोजत नाही. औषध फसतं ते तिथेच.

हे औषध पानांतून आणि मुळांतूनही शिरतं, वाढत्या शेंड्यात साठतं आणि अमिनो आम्लं तयार करणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. वाढ काही दिवसांत थांबते, पण तण मरायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी शेत हिरवं दिसलं म्हणून दुसरा फवारा मारू नका. सोयाबीन औषध आपल्या अंगात मोडून टाकतं. शेंडा आठवडाभर पिवळट दिसला तरी सावरतो.

सावा आणि दुधी ही तणं दोन-चार पानांवर असताना आटोक्यात येतात. केना मात्र फांद्या फुटल्यावर दाद देत नाही. डोऱ्यानं (कोळप्यानं) तुटलेला तुकडा ओल्या मातीत पेराला मुळं धरतो, शिवाय बी जमिनीखालीही धरतं. मोठा केना उपटून शेताबाहेरच टाका.

गवतच जास्त असेल तर क्विझालोफॉप हे गवत मारणारं तणनाशक. आठ-दहा दिवसांनी मधलं पान ओढून पाहा: सहज निघालं आणि बुडाशी तपकिरी, कुजलेलं असलं तर औषध लागू पडलं. लव्हाळ्यावर (मजूर त्याला मोथा म्हणतात) ते चालत नाही. दांडा बोटांत फिरवा, तीन कडा लागल्या तर ते गवत नव्हे. इमाझेथापायरनं त्याची पात पिवळी पडते, पण जमिनीतल्या सुप्त गाठी वाचतात आणि पुन्हा फुटतात.

इमाझेथापायर १० टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं) किंवा क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारं), दोन्हींचं प्रमाण एकरी ४०० मिली, २०० लिटर पाण्यात. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं हवं. पाणी वाचवायला जाऊ नका, डब्याच्या लेबलवर लिहिलेलं चिकटद्रव्यही विसरू नका. पावसानं ताण दिला की पानावरचा मेणाचा थर जाड होतो, रसाची ये-जाही मंदावते. अशा वेळी फवारणी वाया जाते. पाऊस होऊन वाफसा आला की लगेच फवारा.

रब्बीत बटाटा घ्यायचा असेल त्या शेतात इमाझेथापायर नकोच. त्याचा अंश मातीत बराच काळ टिकतो आणि बटाट्याला तो सोसत नाही. तिथे गवताला क्विझालोफॉप, बाकी तणाला खुरपणी.