गाडी कमी फिरते म्हणून टायर चांगले आहेत असं समजू नका

बेळगावात बऱ्याच जणांची गाडी म्हणजे आठवडाभर टिळकवाडी ते शहापूर, पोरांची शाळा, बाजार, रविवारी एखादं लग्न नाहीतर गावाकडं शेताला एक चक्कर, बस्स. वर्षाला पाच-सात हजार किलोमीटर झाले तर खूप. आणि मग दिवाळी नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत तीच गाडी पाच माणसं आणि डिकी फुल्ल भरून चोर्ला घाटातनं गोव्याला, किंवा हायवेला लागून निपाणी-कोल्हापूर-पुणे, ते पण शंभराच्या स्पीडनं. टायरची खरी परीक्षा त्या दोन दिवसांत असते. नक्षी बघितली तर अजून चांगली दिसते म्हणून कोणी खाली वाकून बघतच नाही, पण रबर सात वर्षांचं झालेलं असतंय आणि हवा कधी भरली होती ते घरात कुणालाच आठवत नसतंय.

म्हणून आपल्या भागात टायरचं बघायचं झालं तर किलोमीटर सोडा, आधी तारीख बघा. टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला, म्हणजे ऑगस्ट. कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि फिटिंग करताना नेमकी ती बाजू आत गेलेली असते, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाईलचा टॉर्च लावून बघायचं, मागच्या टायरला खाली झोपूनच बघावं लागतंय. पाच वर्षं झाली की दरवर्षी कुणाकडून तरी नीट तपासून घ्यायचं, आणि नक्षी कितीही राहिली असू दे, दहा वर्षं ही अगदी शेवटची हद्द असं टायर कंपन्याच सांगतात. माझं विचाराल तर घाटात आणि हायवेला जाणाऱ्या गाडीला सहा वर्षं पुरे. गाडी उन्हात उभी असते ना दिवसभर, रबर कडक होतंय, साइडवॉलला बारीक बारीक चिरा पडायला लागतात, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर धरतच नाही. वरनं काळं पॉलिश मारलं की चिरा दिसत नाहीत एवढंच, जुनी गाडी विकत घेताना हे लक्षात ठेवा.

आता हवा. सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. किती भरायची हे ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की तिथल्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतंय (काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत). बहुतेक छोट्या गाड्यांना ३० ते ३६ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मधे काहीतरी. टायरवर मॅक्स म्हणून जो मोठा आकडा छापलेला असतो तो भरायचा आकडा नव्हे, तो टायरची कमाल मर्यादा आहे, त्याच्या नादाला लागू नका. बऱ्याच स्टिकरवर दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि एक फुल लोडसाठी, गोव्याला जाताना दुसरा रकाना बघायचा असतो आणि तो बघणारा माणूस मला तरी फार भेटलेला नाही.

हवा गार टायरला बघायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना नाहीतर जेमतेम दोन किलोमीटर चालवल्यावर. पंपावर गेलात की पोरगं न विचारता सगळ्या गाड्यांना ३५ मारतंय, स्टिकरवर ३३ असेल तर त्याला आधीच कानडीत सांगायचं, अण्णा मूवत्मूरु हाकरी (तेहतीस घाला), म्हणजे तेहतीसच घालतो, आणि मीटरकडं आपण स्वतः बघायचं. हायवेवर पळून टायर तापला की आकडा तीन-चारनं वाढलेला दिसतो, तेव्हा जास्त आहे म्हणून हवा सोडायची नाही, गार झाल्यावर ती कमी पडते. महिन्याला एक-दोन पीएसआय तशीही आपोआप उतरते. त्यात डिसेंबरची पहाटेची थंडी, तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की साधारण एक पीएसआय कमी, म्हणून ज्यांच्या गाडीत प्रेशरचा दिवा आहे तो सकाळी पेटतो आणि दुपारी गप्प बसतो. दिवा खोटा नसतो, हवा काठावर आलेली असते.

गंमत म्हणून सांगतो, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे, इथं ३३ भरून पणजीला उतरलात की बाहेरच्या हवेचा दाब वाढल्यामुळं मीटरवर साधारण एक पीएसआय कमी दिसायला पाहिजे, पण तिथला उकाडा ते भरून काढतो. त्यामुळं वेगळा हिशोब करत बसायची गरज नाही, निघताना नीट भरा म्हणजे झालं.

टायर फुटतो त्यामागं पुष्कळदा जास्त हवा नसते, कमी हवा असते, हे लोकांना पटत नाही. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला चेपतो आणि परत उभा राहतो, लोखंडाची तार वाकवून वाकवून बोटाला गरम लागते ना तसंच, आणि त्यात फुल लोड, दुपारचं ऊन, काकतीपासून निपाणीपर्यंत मोकळा हायवे. आतल्या थरांची पकड सुटते आणि मग फट्. कधी असं झालंच तर ब्रेक दाबायचा नाही, दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळू काढायचा आणि गाडी आपोआप हळू झाली की मग कडेला घ्यायची.

आणि पाऊस. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस काय आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, आंबोली, अनमोड तेच. टायरची नक्षी दिसायला छान म्हणून दिलेली नसते, खालचं पाणी बाहेर फेकायला असते. नव्या टायरला साधारण सात-आठ मिलिमीटर खोली असते आणि कायद्यानं कारला कमीत कमी १.६ पाहिजे. हे बघायला साइडवॉलच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण नाहीतर टीडब्ल्यूआय अशी खूण असते, तिच्या रेषेत खाचेत बोट घातलं की रबराचा छोटा उंचवटा लागतो, नक्षी घासून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. पण तिथपर्यंत थांबू नका, तो कायद्याचा आकडा आहे, घाटाचा नव्हे. पावसाळ्यात घाट करणार असाल तर तीन मिलिमीटरला बदला. खोली मोजायचं गेज शंभर-दोनशे रुपयांत ऑनलाइन मिळतंय.

खाचा उथळ झाल्या की साचलेल्या पाण्यावर टायर अक्षरशः तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागायला लागतं. त्यावेळी ना ब्रेक ना वळवायचं, फक्त अॅक्सिलरेटर सोडायचा आणि टायर परत रस्त्याला लागेपर्यंत सरळ जायचं. वळवाचा पहिला पाऊस तर मुसळधार पावसापेक्षा वाईट, चार-पाच महिन्यांचं सांडलेलं ऑइल आणि धूळ एकत्र होऊन पहिली पंधरा-वीस मिनिटं रस्ता साबण लावल्यासारखा होतो, खानापूरकडं त्यात लाल मातीचा चिखल, आणि चिक्कोडी-हुक्केरी-संकेश्वर पट्ट्यात ऊस हंगामात ट्रॉल्यांतनं पडलेला ऊस चिरडून रस्त्याला बसलेला. हळू चालवणे ह्याला काही पर्याय नाही तिथं.

एक गोष्ट ह्याच्याशीच जोडलेली. दोनच नवे टायर घेतले तर ते कुठं बसवायचे? आपल्याकडं दुकानदार न विचारता पुढं बसवतो, कारण पुढचे लवकर घासतात, इंजिन ओढतंय, स्टिअरिंग वळतंय, सगळं पुढंच. पण नवे मागं बसवायचे असतात. पुढचं टायर घसरलं तर गाडी सरळ जायला बघते, वेग कमी केला की बहुतेकदा ताब्यात येते, पण मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं साध्या ड्रायव्हरच्या हातातलं काम नाही, चोर्ल्याच्या वळणावर तर नाहीच. दुकानदार वाद घालेल, घालू दे, पैसे आपले आहेत.

घासण्यावरनं गाडीचं दुखणं कळतं. मधेच जास्त घासला म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडा घासल्या म्हणजे कमी, एकच कड गेली म्हणजे अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय, आणि हात फिरवला की खड्डे-उंचवटे लागले तर सस्पेन्शनकडं बघा. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतंय तर ते बॅलन्सिंग, आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते तर अलाइनमेंट, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढंमागं करून घ्यायचे, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढचे सरळ मागं आणि मागचे डावे-उजवे अदलाबदल करून पुढं. टायरवर बाण छापलेला असेल तर मात्र बाजू बदलायची नाही, नुसतं पुढंमागं. आणि मोठ्या खड्ड्यात धाडकन गेली की घरी आल्यावर साइडवॉल बघा, कुठं फुगा आलाय का. फुगा आला म्हणजे आतले दोर तुटले, त्याला दुरुस्ती नाही, दुकानदार अजून दोन महिने चालतंय म्हणाला तरी नाही.

उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर ह्या बाजूला रोज जाणाऱ्यांना पंक्चर जास्त होतात त्यात नवल काही नाही, फाउंड्री आणि लेथवाले सगळे तिथं, लोखंडाच्या चिप्स आणि बारीक स्क्रू रस्त्यावर येणारच. ट्यूबलेसला रस्त्यावर लावतात तो दोरीसारखा प्लग तात्पुरता ठीक आहे, पण लांब जायच्या आधी टायर उतरवून आतनं मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) मारून घ्या. पंक्चर नक्षीत असेल तरच. साइडवॉलला किंवा अगदी कडेला असेल तर पॅच टिकत नाही. आणि हवा गेलेल्या टायरवर जरा पुढं दुकान आहे म्हणून एक-दोन किलोमीटर रेटलीत तर आतला साइडवॉल चुरडतो, टायर उतरवल्यावर आत रबराची काळी पूड सापडली की तो टायर गेला म्हणून समजा, बाहेरनं कितीही चांगला दिसू दे.

आता नवीन घ्यायचे आहेत. साइडवॉलवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतंय. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंचांची रिम. ८८ म्हणजे एका टायरची ताकद ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत चालतो, टी असेल तर १९०. वेगाचं अक्षर आपल्या रस्त्यांवर एवढं महत्त्वाचं वाटत नाही, पण वजनाचा आकडा कंपनीनं दिलेल्यापेक्षा कमी घ्यायचा नाही, दोनशे-चारशे रुपये वाचतात म्हणून तर अजिबात नाही.

रुंद टायर आणि अॅलॉयची हौस असेल तर बाहेरचा एकूण व्यास बदलता कामा नये. मारुती स्विफ्टचंच बघा, खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५, हिशोब केला तर दोन्हीचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास, फरक नावाला. पण त्याच १५ च्या रिमला कुणी १८५/५५ घातला तर व्यास ५८५ वर येतो, गाडी जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. शिवाय पातळ साइडवॉल आणि आपल्या खेड्यातले रस्ते, रिम वाकायला वेळ लागत नाही.

ब्रँडवर चौकात बसून तासभर भांडण होऊ शकतं, मी त्यात पडत नाही. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, सगळ्यांकडं दोन्ही प्रकारचे टायर आहेत, एक जास्त किलोमीटर देणारा कडक आणि एक जास्त पकडणारा मऊ. टॅक्सीवाल्यानं पहिला घ्यावा. वर्षाला सहा हजार चालवणाऱ्यानं साठ हजार चालणारा टायर घेऊन काय करायचं, दहा वर्षं लागतील संपवायला आणि त्याआधी तो वयानं मरणार. त्यानं ओल्या रस्त्यावर चांगला धरणारा मऊ टायर घ्यावा, दुकानात तसंच विचारावं.

पेट्रोल भरायला लोक बॉर्डरचा भाव बघतात तसं टायरला नाही, जीएसटी इकडं आणि कोल्हापुरात सारखाच, २०२५ च्या सप्टेंबरात तो २८ चा १८ टक्के झाला. त्यामुळं जिथं मशीन चांगलं आणि माणूस नीट काम करतो तिथं घ्या. पैसे द्यायच्या आधी चारही टायरच्या तारखा बघा, सहा महिन्यांच्या आतले असले तर उत्तम, वर्षापेक्षा जुना असेल तर घासाघीस करा नाहीतर दुसरा काढायला लावा. आयएसआय मार्क बघा. वॉल्व्ह नवे टाकायला सांगा, जुन्या रबरी वॉल्व्हवर नवा टायर बसवणं म्हणजे चिंधीपणा. नायट्रोजन भरला तर भरा, साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्याच्यासाठी वेगळे पैसे द्यायचे की नाही तुम्ही ठरवा. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या, कारखान्याचा दोष निघाला तर त्याशिवाय दुकानदार ओळख दाखवत नाही.

आणि जुन्या चारातला सगळ्यात बरा टायर स्टेपनीला टाकून घेता आला तर बघा, कारण डिकीतली स्टेपनी गाडीबरोबर आलेली, तेवढ्याच वयाची असते आणि तिच्यात हवा कोणीच बघत नाही. नव्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी छोटी, बारीक देतात, तिच्यावर ८० च्या वर जायचं नाही असं तिच्यावरच लिहिलेलं असतंय, ती लावून पुण्यापर्यंत जाऊ नका, पुढच्या गावात पंक्चर काढून घ्या. जॅक लावायच्या आधी हँडब्रेक ओढून नट जरासे सैल करून घ्यायचे, चाक वर उचलल्यावर पाना फिरवला तर चाकच फिरतं. कणकुंबीच्या पुढं घाटात मोबाईलला रेंजचा भरवसा नाही, त्यामुळं जॅक, पाना आणि लाल त्रिकोण डिकीत खरोखर आहेत की नाहीत हे घरातनं निघतानाच उघडून बघा.