रेलवरून ब्लॉक ओढू नका

मशीनचं टेबल सरळ रेषेत सरकवणारी रेल आणि तिच्यावर धावणारा ब्लॉक, ही जोडी म्हणजे लिनिअर गाईड. तिचा ब्लॉक कधीही रेलवरून थेट ओढून काढू नका. ब्लॉकच्या पोटात पोलादी गोळ्यांच्या रांगा असतात. त्या रेलच्या खाचेतून गडगडत जातात, टोकाच्या कॅपमध्ये वळतात आणि आतल्या मार्गाने परत येतात, म्हणून तर एवढं जड टेबल हलकं सरकतं. रेल संपली की बऱ्याच ब्लॉकमध्ये या गोळ्यांना आधारच उरत नाही. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये मी एकदा असा ब्लॉक ओढला आणि गोळ्या थेट चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रेमध्ये. एकही गोळी हरवली किंवा किसाने चरे पडले, तर तो ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवू नये.

नव्या ब्लॉकमध्ये प्लास्टिकची डमी रेल (रेलच्या आकाराचा छोटा तुकडा) येते, ती फेकू नका. रेलच्या टोकाला नीट भिडवून, सरळ रेषेत धरा आणि ब्लॉक तिच्यावर सरकवा. बसवताना उलट क्रमाने, ब्लॉक तिरका न करता. जोर लागला तर थांबा.

आणि एअर गन गाईडवर मारू नका, हवेने बारीक कीस वायपरच्या (ब्लॉकच्या टोकाच्या सीलच्या) आत घुसतो. ब्रशने झाडा, कापडाने पुसा.