आरोग्य धोरणात किशोरवयीनांचा सहभाग : या चुका टाळा

७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि १० ते १९ वयोगटातील मुलामुलींचा सहभाग हा विषय आरोग्य विभागाच्या कागदपत्रांत वारंवार येऊ लागला. २०११ च्या जनगणनेनुसार या वयाचे २५ कोटींहून अधिक जण देशात होते. त्यांच्यासाठी पोषण, मानसिक आरोग्य, लैंगिक व प्रजनन आरोग्य, व्यसने, हिंसा व अपघात आणि असंसर्गजन्य आजार असे सहा विषय कार्यक्रमात ठरवले गेले. मात्र सहभाग म्हणून गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी प्रत्यक्षात जे होते, ते बहुतेक वेळा रॅली, घोषवाक्य स्पर्धा आणि एखाद्या विद्यार्थिनीने पाठ करून केलेले भाषण एवढ्यावरच थांबते. मुलांना बोलता येत नाही असा समज त्यामागे असतो. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. मुलांना बोलावले जाते तेव्हा बदलता येण्याजोगा एकही निर्णय टेबलावर उरलेला नसतो, आणि पुढच्या बहुतेक चुका याच एका चुकीतून निघतात. तालुका आरोग्य कार्यालय, ग्रामपंचायत, शाळा किंवा संस्थेत काम करणाऱ्या, आणि हे काम मनापासून करू पाहणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे.

निर्णय झाल्यावर मत विचारणे

आठवड्याला एकदा देण्यात येणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचे उदाहरण घ्या. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि हे प्रमाण देशपातळीवर ठरलेले आहे. गावातील सोळा वर्षांच्या मुलीला त्याबद्दल मत विचारून काहीही बदलणार नाही. पण गोळी कोणत्या तासाला द्यायची, मुलींनी तोपर्यंत काही खाल्लेले असते का, प्यायचे पाणी वर्गाजवळ आहे का, मळमळ झाली तर कोणाला सांगायचे आणि शाळा सोडलेल्या मुलीपर्यंत गोळी कोण पोहोचवणार, हे सारे स्थानिक पातळीवर ठरते. गोळी दप्तरात का राहते किंवा खिडकीबाहेर का जाते, हे मुलींना पक्के ठाऊक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा स्थितीत ही माहिती न विचारणे म्हणजे हाती असलेला उपाय वापरायचे नाकारणे होय.

म्हणून बैठकीचे पत्र काढण्यापूर्वी एका कागदावर दोन गोष्टी लिहून काढाव्यात : कोणते निर्णय अजून खुले आहेत आणि कोणते आपल्या हातात नाहीत. हा कागद मुलांना बैठकीच्या सुरुवातीलाच वाचून दाखवावा. खुल्या निर्णयांचा रकाना रिकामा राहत असेल, तर बैठक घेऊ नये. त्या दिवसाला माहिती सत्र म्हणावे, सहभाग म्हणू नये.

वेळेचा प्रश्नही येथेच येतो. ग्रामपंचायत विकास आराखड्याची लोकमोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरपासून सुरू होते आणि पुढील काही महिने चालते. बीडसारख्या जिल्ह्यांत नेमक्या याच काळात, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊसतोड मजुरांचे तांडे कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर कित्येक किशोरवयीन मुले-मुलीही जातात. नोव्हेंबरात बोलावलेल्या बैठकीला ही मुले येणार कशी? शिवाय पाळीच्या दिवसांत फडावर काय सोय असते, ताप आला तर जवळचे आरोग्य केंद्र किती लांब असते, गावात सुरू असलेली गोळी फडावर का मिळत नाही, हे त्यांच्याखेरीज कोणीही सांगू शकत नाही. या गावांत विचारविनिमय ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरकावा आणि त्यातील मुद्दे ऑक्टोबरमधील ग्रामसभेपुढे लेखी ठेवावेत. जिल्ह्याचा आरोग्य आराखडा आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा यांच्या तारखाही अशाच आधी पाहून घ्याव्या लागतात. आराखडा वर गेल्यानंतर जमा झालेल्या सूचना, त्या कितीही चांगल्या असल्या, फाइलमध्येच राहतात.

नेहमीचेच चेहरे निवडणे

मुख्याध्यापकांना ‘चार चांगली मुले पाठवा’ असा निरोप गेला की वर्गप्रमुख, वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगी आणि गावातील एखाद्या पदाधिकाऱ्याचा मुलगा येतो. त्यांचा यात दोष नाही आणि त्यांना वगळण्याचेही कारण नाही. परंतु आरोग्यसेवा ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, ते या निवडीत येतच नाहीत. विटभट्टीवर किंवा गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा, आश्रमशाळेतील मुली, अपंग मुले आणि लग्न झालेली किशोरवयीन मुलगी यांची नावे वेगळी शोधावी लागतात.

यांतील शेवटच्या गटाबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. लग्न होताच ती मुलगी सरकारी नोंदीत माता-बाल आरोग्याची लाभार्थी होते आणि किशोरवयीन म्हणून तिला कोणी बोलावत नाही. तिच्या घरी बैठकीचे पत्र पाठवून उपयोग नसतो. आशाताईंनी आधी सासूबाईंशी बोलणे, बैठक दुपारी अंगणवाडीत ठेवणे आणि तान्हे मूल सोबत आणण्याची मुभा देणे, एवढे केले तर ती येण्याची शक्यता बरीच वाढते.

वयोगटाची सरमिसळही टाळावी. दहा वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांचा युवक यांना एका खोलीत बसवून एकच प्रश्न विचारला, तर लहान गप्प बसतात. १० ते १४ आणि १५ ते १९ असे गट वेगळे करावेत आणि शरीराशी संबंधित विषयांवर मुलींची व मुलांची पहिली चर्चा स्वतंत्र घ्यावी. एकाच प्रतिनिधीला मोठ्यांच्या समितीत बसवणेही फारसे कामाचे नाही. पंधरा प्रौढांमध्ये एकटी बसलेली मुलगी मान डोलावते आणि घरी जाते, म्हणून किमान दोघी किंवा तिघे एकत्र असावेत.

‘तुमच्या समस्या सांगा’ असे विचारणे

इतक्या मोठ्या प्रश्नाला मुले अपेक्षित उत्तर देतात : स्वच्छता हवी, जनजागृती हवी, मोबाइलचा वापर कमी व्हावा. हीच वाक्ये त्यांनी फलकांवर वाचलेली असतात. प्रश्न एखाद्या जागेशी, वेळेशी किंवा कृतीशी जोडला की उत्तरे बदलतात. मैत्री क्लिनिक हे सरकारी रुग्णालयातील किशोरवयीनांचे सल्ला केंद्र. ‘मैत्री क्लिनिकमध्ये का येत नाही?’ असे विचारण्याऐवजी ‘फाटकापासून समुपदेशकाच्या खुर्चीपर्यंत काय काय होते, ते क्रमाने सांगा’ असे विचारून पाहावे. मग कळते, की आधी केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते; खिडकीतून ‘काय होतंय?’ असे मोठ्याने विचारले जाते; मागे शेजारच्या काकू उभ्या असतात; क्लिनिकची पाटी ठळक अक्षरांत बरोबर त्या दारावर असते जिथे सगळ्यांची नजर जाते; आणि बाह्यरुग्ण विभाग सुरू असतो त्या वेळी शाळाही सुरू असते. यातील प्रत्येक अडचणीवर उपाय आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही. किशोरवयीनांना केसपेपरऐवजी थेट समुपदेशकाकडे पाठवणे, आठवड्यातून दोन दिवस वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवणे, पाटीची जागा बदलणे, हे निर्णय वैद्यकीय अधीक्षक आणि रुग्णालयाचा कारभार पाहणारी रुग्ण कल्याण समिती यांच्या पातळीवर होऊ शकतात.

सर्वांत जास्त माहिती ज्यांच्याकडे असते, त्या पिअर एज्युकेटरांना, म्हणजे समवयस्कांना आरोग्याची माहिती देणाऱ्या प्रशिक्षित मुलामुलींना, केवळ निरोपे करून ठेवणे हीदेखील मोठी चूक आहे. कार्यक्रमाच्या रचनेत दर हजार लोकसंख्येमागे साधारण चार, म्हणजे दोन मुली आणि दोन मुलगे, असे पिअर एज्युकेटर अपेक्षित आहेत. ते गट भरवतात, वह्या भरतात, किशोरवयीन आरोग्य दिनाला मुले गोळा करतात. मात्र त्यांच्या गटात कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, हे मासिक सभेत विचारले जात नाही. विचारली जाते ती उपस्थितीची संख्या. त्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिलाच विषय ‘गटातून आलेले तीन प्रश्न’ असा ठेवला, तरी सभेचा रोख बदलतो.

सुरक्षिततेचा विचार नंतर करणे

येथील चूक सर्वांत महाग पडते आणि ती मुलांनाच भोवते. भावनिक परिणाम साधण्यासाठी एखाद्या मुलीला व्यासपीठावरून तिच्यावर गुदरलेला प्रसंग सांगायला लावणे, तिचे छायाचित्र कार्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकणे किंवा बातमीत गावाच्या नावासह छापू देणे, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. धोरणासाठी तिचा अनुभव लागतो, तिची ओळख लागत नाही. म्हणून प्रश्न नेहमी तिसऱ्या व्यक्तीविषयी विचारावेत : ‘या गावात एखाद्या मुलीला असा त्रास झाला, तर ती कोणाकडे जाईल? कोणाकडे मुळीच जाणार नाही?’

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळल्यास ती माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यामुळे ‘येथे बोललेले सर्व गुप्त राहील’ असे सांगून चर्चा सुरू करणे हे मुलांची फसवणूक ठरते. काय गुप्त राहील, काय कळवावे लागेल आणि कळवले तर पुढे काय होईल, हे सोप्या मराठीत आधीच सांगावे. समुपदेशक खोलीत किंवा निदान जवळ हजर असावा. संमतीबाबतही घाई करू नये : पालकांची परवानगी लागतेच, परंतु मुलाचा स्वतःचा होकारही तितकाच आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी संशोधनासाठी हा होकार आवश्यक मानला आहे आणि विचारविनिमयासाठीही तोच दंडक पाळणे योग्य. वडिलांनी सही केली असली तरी मुलीला मधूनच उठून जाता आले पाहिजे.

ऐकून घेणे, पण उत्तर न देणे

संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ मध्ये संमत झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याचे कलम १२ मुलांना मत मांडण्याचा हक्क देते आणि वय व परिपक्वतेनुसार त्या मताला योग्य वजन द्यावे असेही सांगते. या कलमाचा अर्थ लावताना बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या : बोलण्यासाठी जागा, बोलण्यासाठी मदत, ऐकणारे कान आणि निर्णयावर परिणाम. आपल्याकडे पहिल्या दोन कशाबशा जमतात. तिसरी अधूनमधून, आणि चौथीची नोंदच ठेवली जात नाही. बैठकीत मुलांनी सांगितलेले मुद्दे मोठ्या तक्त्यावर लिहिले जातात, टाळ्या होतात, तक्ता गुंडाळला जातो आणि पुढे काय झाले हे त्या मुलांना कधीच कळत नाही. दुसऱ्यांदा ती येत नाहीत, आणि त्यांच्या न येण्याला आपण निरुत्साह म्हणतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि महाराष्ट्राला अपरिचितही नाही. २००७ पासून राज्यात चाललेल्या आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख प्रक्रियेत जनसुनवाई हा महत्त्वाचा भाग राहिला आहे. तेथे लोक प्रश्न मांडतात आणि अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. हीच पद्धत किशोरवयीनांसाठी, त्यांची ओळख उघड न करता, वापरता येते. एका वहीत तीन रकाने आखावेत : मुलांनी काय सांगितले, काय ठरले, आणि ठरले नसेल तर का नाही. ठरलेल्या मुदतीत, माझ्या मते तीस दिवसांत, ज्या अधिकाऱ्याने ऐकले त्यानेच परत जाऊन हे वाचून दाखवावे. ‘निधी नाही’, ‘हा अधिकार जिल्ह्याचा आहे’ अशी प्रामाणिक उत्तरे मुले समजून घेतात. मौन मात्र त्यांना उमगते ते अपमान म्हणून.

निधीचा एक तुकडाही त्यांच्या विचाराने खर्च व्हावा. गावपातळीवरील आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेनुसार खर्च करता येणारा, निधी मिळतो. त्यातील अगदी थोडी रक्कम कशावर खर्च करावी हे मुलामुलींनी सुचवले आणि समितीने त्यावर निर्णय घेऊन ते इतिवृत्तात नोंदवले, तर सहभागाला हिशेबाची जोड मिळते.

तरीही अडले तर

पालक विरोध करतील, विशेषतः लैंगिक आरोग्याचा विषय असेल तेव्हा. २००७ मध्ये शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांनी थांबवला, तेव्हाचा तीव्र वाद अनेकांना आठवत असेल. त्यामुळे पालकांची सभा आधी घ्यावी, मुलांना विचारले जाणारे प्रश्न त्यांना छापील स्वरूपात दाखवावेत आणि विषय लपवू नये. लपवलेला विषय नंतर बाहेर आला की सगळे कामच बंद पडते.

मुले गप्प बसत असतील तर खोलीत कोण आहे हे पाहावे. शिक्षक, सरपंच किंवा पोलीस पाटील समोर बसलेले असताना तंबाखूविषयी कोणी बोलणार नाही. त्यांना नम्रपणे बाहेर थांबण्याची विनंती करावी आणि चिठ्ठ्या टाकण्यासाठी बंद पेटी ठेवावी. उपस्थिती कमी असेल तर एसटीचे भाडे, जेवण आणि कामावर जाणाऱ्या मुलांचा बुडालेला रोज यांची तरतूद केली होती का, ते तपासावे.

अधिकाऱ्याची बदली आणि सहभागी मुलामुलींचे वय वाढणे, या दोन गोष्टी तर ठरलेल्याच आहेत. यासाठी या मुलामुलींच्या गटाची मुदत दोन वर्षांची ठेवून दरवर्षी निम्मेच सदस्य बदलावेत, बाहेर पडणाऱ्यांनी पहिल्या दोन बैठकांना नव्या सदस्यांसोबत बसावे, आणि तीन रकान्यांची ती वही कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत नावानिशी लिहावी, म्हणजे नव्या अधिकाऱ्याला रुजू झाल्यापासूनच कोणती उत्तरे द्यायची राहिली आहेत ते कळेल.