साइट ग्लास रिकामी दिसली की लगेच तेल ओतू नका

सोलापूर भागात बेदाणा, डाळिंब, दूध यांच्या कोल्ड स्टोरेजवर नव्याने लागणाऱ्या मुलांचा हात बहुधा एका कॉम्प्रेसरच्या युनिटवर बसलेला असतो. एकाच सक्शन हेडरवर (गॅस कॉम्प्रेसरकडे आणणाऱ्या सामाईक पाइपावर) तीन-चार कॉम्प्रेसर असलेली रॅक हाती आली की पहिली फजिती तेलावरून होते: साइट ग्लास, म्हणजे कॉम्प्रेसरमधल्या तेलाची पातळी दाखवणारी काच, रिकामी दिसते आणि लगेच वरून तेल ओतलं जातं.

बाहेर गळती नसेल तर कमी झालेलं तेल यंत्रणेतच कुठेतरी बसलेलं असतं: इव्हॅपोरेटरमध्ये (खोली थंड करणाऱ्या कॉइलमध्ये), राइजरच्या (गॅस वर नेणाऱ्या उभ्या पाइपाच्या) तळाशी नाहीतर शेजारच्या कॉम्प्रेसरमध्ये. वरून लिटरभर ओतलं की आजचं भागतं. पुढे डिफ्रॉस्टनंतर अडकलेलं तेल एकदम परत येतं, कॉम्प्रेसर तुडुंब होतो आणि व्हॉल्व्हच्या पात्या तुटतात.

तेल परत आणतो तो गॅसचा वेग. आडव्या सक्शन लाइनीत साधारण ४ मीटर प्रतिसेकंद, उभ्या राइजरमध्ये ७ ते ८ मीटर तरी हवा. आवकेच्या दिवसांत सगळे कॉम्प्रेसर चालतात तेव्हा हा वेग सहज मिळतो. माल थंड झाला की रात्री एकच चालतो, वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि तेल वर चढत नाही. म्हणून पाइपाचं माप सर्वात कमी लोडवर तपासायचं. तिथे वेग पुरत नसेल तर डबल राइजर (एक बारीक, एक जाड असे दोन समांतर उभे पाइप) घ्यायचा. राइजरच्या तळाशी ट्रॅप (तेल गोळा होणारा यू आकाराचा वाक), उंची जास्त असेल तर दर ३ ते ५ मीटरवर आणखी एक, आणि आडव्या लाइनीला कॉम्प्रेसरकडे उतार. ट्रॅप मात्र आखूड ठेवा. लांबलचक ट्रॅपमध्ये तेलच साठून राहतं.

दोन कॉम्प्रेसरचे क्रँककेस (तळाचे तेल साठवणारे कप्पे) नुसत्या नळीने जोडले की तेल आपोआप सारखं होतं, हा समज फार पसरलेला आहे. हिशेब करून बघा: तेलाच्या २५ मिमी उंचीचा दाब जेमतेम २ मिलिबार. चालू कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमधला दाब बंद असलेल्यापेक्षा एवढा कमी असणं अगदी सहज घडतं, आणि तेल तिकडे ओढलं जातं. वेगवेगळ्या मापांचे कॉम्प्रेसर असतील तर या भानगडीत पडूच नये. गॅसमधून तेल वेगळं करणारा सेपरेटर, ते साठवणारा रिझर्व्हॉयर आणि प्रत्येकाला तेलाची पातळी राखणारा स्वतंत्र ऑइल लेव्हल रेग्युलेटर, हाच मार्ग.

नवा सेपरेटर बसवताना उत्पादकाने सांगितलेलं सुरुवातीचं तेल त्यात आधी भरा, नाहीतर फ्लोट (तेलावर तरंगून झडप उघडणारा गोळा) उचलला जाईपर्यंत तेवढं तेल कॉम्प्रेसरला कमी पडतं. पुढची तपासणी सेपरेटरमधून तेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनीच्या तापमानावरून होते. मधूनमधून गरम होत असेल तर ठीक. सतत तापलेली असेल तर फ्लोट उघडा अडकलाय आणि डिस्चार्जचा गरम गॅस आत जातोय. कायम थंड असेल तर फ्लोट बंद अडकलाय किंवा गाळणी तुंबली आहे. लाइन उघड्या हाताने धरू नका, क्लॅम्प थर्मामीटर लावा. रिझर्व्हॉयरचा दाब सक्शनपेक्षा ठरावीक फरकानेच जास्त हवा. २० पीएसआयचा, म्हणजे १.४ बारचा डिफरन्शियल व्हॉल्व्ह पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो तुंबला की दाब चढतो आणि मेकॅनिकल रेग्युलेटर गरजेपेक्षा जास्त तेल सोडतात.

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीपार जातो. कंडेन्सिंग आणि डिस्चार्ज दोन्ही तापमानं चढतात, तेलाची वाफ जास्त होते आणि ती सेपरेटरमध्ये थांबत नाही. कंडेन्सर धुण्याचं काम मार्चमध्येच उरका.

लाइट बराच वेळ गेली की क्रँककेस हीटरही बंद पडतो आणि गॅस तेलात विरघळतो. लाइट आल्याआल्या स्टार्ट केलं तर तेलाला फेस येतो, पंप गॅस ओढतो आणि ऑइल प्रेशर स्विच ट्रिप होतो. हा स्विच हाताने रीसेट होणारा ठेवतात, तो मुद्दाम. दाबून-दाबून चालवण्याचा मोह आवरा. क्रँककेस थंडगार असेल तर आधी हीटर काही तास चालू द्या. नव्या किंवा फार दिवस बंद असलेल्या यंत्राला किमान १२, शक्यतो २४ तास.

तेलाची पातळी कॉम्प्रेसर १५-२० मिनिटं स्थिर चालल्यावरच बघा, काचेच्या मध्याच्या आसपास. आर-४०४ए या गॅसवर पीओई (कृत्रिम एस्टर) तेल लागतं. ते हवेतली ओल झपाट्याने शोषतं, तेव्हा उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नका.

अमोनियाच्या जुन्या प्लांटवर यातलं बरंच लागू पडत नाही. नेहमीचं तेल अमोनियात विरघळत नाही, जड असल्याने तळाशी बसतं आणि ऑइल पॉट या तळाच्या भांड्यातून काढावं लागतं. ते काम मास्क, हातमोजे आणि सोबतीला जाणता माणूस असल्याशिवाय करायचं नाही.