टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड: नाणे कसे पारखावे

भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, वर्नियर कॅलिपर आणि तिरपा प्रकाश टाकता येईल असा दिवा जवळ आहे, आणि नाणे चिंच लावून घासलेले नाही, असे मी गृहीत धरतो. याशिवाय एक वस्तू मात्र हवीच, ती म्हणजे त्याच मूल्याचे, त्याच प्रकारचे आणि बऱ्या स्थितीतील साधे नाणे. ठाण्यात जांभळी नाक्यावर बाजारहाट करताना सुट्या पैशांत चालू नाणी आपोआप येतात, आणि चलनात आता क्वचित दिसणारी नाणी विक्रेत्याकडे किरकोळ किमतीला मिळतात. असे नाणे शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही नाण्याविषयी मत देऊ नये.

पारख सुरू करण्यापूर्वी नाणे कसे बनते, याचा क्रम मनात पक्का असावा. धातूच्या पट्टीतून चकती कापली जाते, तिची कड उचलली जाते, ती तापवून मऊ केली जाते आणि मग कॉलर नावाच्या कड्यात बसवून दोन साच्यांमध्ये दाबली जाते. समोरचा दोष यांपैकी कोणत्या क्षणी घडू शकला असता, हा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर सापडत नसेल, तर ते नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर बिघडलेले आहे, मग ते कितीही विचित्र दिसो.

आधी वजन करावे. 1992 नंतरचे अकरा कोनी दोन रुपयांचे नाणे 6 ग्रॅमचे व 26 मिलिमीटरचे असते. 27 मिलिमीटरचे दोन धातूंचे दहा रुपयांचे जुने नाणे 7.71 ग्रॅमचे असते. वजन बरेच कमी भरले, अक्षरे सगळीकडे सारखीच बोथट झाली आणि व्यासही घटला, तर नाणे आम्लात बुडवलेले असण्याचा संभव मोठा असतो.

त्यानंतर भिंगाखाली उठाव पाहावा. साच्याला तडा गेला असेल तर नाण्यावर उंच रेघ उमटते, आणि ओरखडा असेल तर खोल चर दिसते. धागा किंवा तारेचा तुकडा मध्ये सापडून खोल खूण उमटण्याचा अपवाद आहे खरा, पण अशा खुणेच्या काठांवर सरकलेल्या धातूची बोचरी कड नसते, ओरखड्याला ती असते.

फिरलेला साचा ओळखणे सोपे आहे: स्वतंत्र भारताचे नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले, तर दोन्ही बाजू सरळच दिसल्या पाहिजेत. ठसा एका बाजूला सरकला असेल, तर ठशाबाहेर राहिलेला भाग कोऱ्या चकतीसारखा सपाट असतो.

कड कापलेल्या चकतीच्या नावाखाली कानसीने घासलेली नाणी सर्रास विकली जातात. खऱ्या कापलेल्या चकतीत, कापाच्या बरोबर समोरच्या बाजूची कड दबलेली किंवा जवळजवळ नाहीशी असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी चकतीवर पुरता दाब पडलेला नसतो. शिवाय कापाजवळची अक्षरे कापाकडे ओढल्यासारखी पातळ होत जातात. घासलेल्या नाण्यात समोरची कड शाबूत असते आणि अक्षरे सुरीने कापल्यासारखी तुटतात.

दुहेरी अक्षरांविषयी इतकेच सांगतो: दुसरी प्रतिमा सपाट पायरीसारखी खाली पसरलेली असेल, तर तो ठोक्याच्या वेळी साचा हलल्याचा परिणाम आहे आणि त्याला फारसे मोल नाही. दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असून अक्षराचे टोक स्पष्ट दुभंगलेले असेल, तरच मूळ साच्यातला दोष मानावा.

आता लाखीकडे वळू, कारण माझी स्वतःची फसगत इथेच झाली. ठोक्यानंतर एखादे नाणे बाहेर न पडता वरच्या किंवा खालच्या साच्याला चिकटून राहते, आणि पुढच्या चकतीवर एका बाजूने साच्याऐवजी त्या नाण्याचाच ठसा बसतो. तो उलटा आणि खोलगट असतो. अशा नाण्याला लाखी म्हणतात. एका प्रदर्शनात मी भारताच्या नकाशाचे अकरा कोनी दोन रुपयांचे नाणे लाखी समजून घेतले. नकाशाची बाजू नेहमीसारखी होती, दुसऱ्या बाजूवर सिंह आत गेलेले आणि आरशात दिसावेत तसे उलटे होते, वजनही बरोबर सहा ग्रॅम भरले. उलटे, खोलगट आणि वजन पुरे म्हणजे अस्सल, असेच मला सांगितले गेले होते, आणि हा सल्ला आजही बिनदिक्कत दिला जातो.

पुढे वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये, चलनातून बाद झालेली ॲल्युमिनियमची दहा पैशांची दोन नाणी मी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये दाबायला लावली. फिटरने दांडा घट्ट फिरवला आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही नाण्यांवर एकमेकांचे उलटे, खोलगट ठसे उमटले. वजनात काहीही फरक पडला नव्हता, कारण व्हाइस धातू काढून घेत नाही, फक्त ढकलतो. भिंग लावल्यावर मात्र खोलगट ठशाच्या खाली नाण्याचा स्वतःचा आकडा चपटा होऊन पुसट उरलेला दिसला, जबड्याला टेकलेल्या बाजूचा उठाव सपाट आणि चकचकीत झाला होता, आणि दहा पैशांच्या पाकळीदार कडेचा ठसा खालच्या नाण्याच्या पाकळ्यांशी जुळत नव्हता.

त्या दिवसापासून मी लाखी तपासताना सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो: दोन्ही बाजूंवर चित्र एकच आहे का. सिंहाच्या साच्याला नाणे चिकटले, तर त्या नाण्याची उघडी राहते ती नकाशाची बाजू. म्हणून पुढच्या चकतीवर एकीकडे साच्याचा सरळ, उठावाचा नकाशा येतो आणि दुसरीकडे त्याच नकाशाचा खोलगट, उलटा ठसा येतो. सरळ नकाशा आणि उलटे सिंह ही जोडी नेहमीच्या ठोक्यात होऊच शकत नाही. माझे नाणे या एका वाक्याने बाद झाले असते, पण ते वाक्य मला कोणी सांगितले नव्हते.

लबाडी करणारे आता हेही शिकले आहेत, आणि सिंहाच्या बाजूवर मुद्दाम दुसऱ्या नाण्याची नकाशाची बाजू दाबतात. खाली चामडे ठेवून मागचा उठावही वाचवतात. तिथे पुढची तपासणी कामाला येते. चिकटलेले नाणे सरकलेले नसेल, तर अस्सल लाखीत प्रत्येक उठावाच्या नेमकी पाठीमागे त्याची खोलगट जागा असते, जशी तांब्याच्या पत्र्यावर ठोकून काढलेल्या नक्षीत असते. अकरा कोनही कोनांवर बसतात, कारण दोन्ही नाणी एकाच कॉलरमध्ये दाबली गेलेली असतात. दिवा अगदी आडवा धरून खोलगट भागाच्या आसपासची मोकळी जागा सावकाश फिरवून पाहावी. तिथे सिंहाच्या आयाळीची किंवा अक्षराची पुसटशी छाया जरी उरली असेल, तरी ते नाणे आधी पूर्ण बनले होते आणि नंतर दाबले गेले. चिकटलेले नाणे पुढच्या ठोक्यांत पसरत गेले, तर अस्सल ठसाही मोठा आणि धूसर होतो. पण त्याखाली दुसरे चित्र कधीच नसते.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधली चकती नंतर ठोकून वेगळी केली असेल, तर तिच्यावरचा ठसा सांध्यापाशी कापल्यासारखा थांबतो.

ऑनलाइन खरेदी करणार असाल, तर दोन्ही बाजूंची आणि कडेची सरळ प्रकाशातली तसेच तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे मागावीत. कडेचे छायाचित्र देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून मी काहीही घेत नाही. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिला आहे, तेव्हा असा निरोप आला तर पैसे भरू नयेत. आणि लाखी म्हणून आलेले नाणे हातात पडताच, मोबदला देण्यापूर्वी, विक्रेत्यासमोरच दोन्ही बाजूंवरचे चित्र एकच आहे का ते पाहावे.