मोठा सपाट तवा घेण्याआधी भाड्यानं आणा

गच्चीवर वीसेक माणसांना गरम थालीपीठं, टिक्क्या वाढायच्या तर मोठा सपाट तवा हवाच वाटतो. पण विकत घेतला की वर्षभर जागा अडवतो. इंदूरमध्ये टेंटहाऊसवाले तवा-भट्टी भाड्यानं देतात. एकदा आणून हे बघा:

१. भट्टी मांडल्यावर तव्याच्या मधोमध चमचाभर तेल सोडा. तेल एका बाजूला पळालं तर त्या बाजूच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवा.

२. दहा मिनिटं मंद आच, मग सगळीकडे पाणी शिंपडा. थेंब नाचतात तिथे भाजायचं. नुसती वाफ निघते त्या कडेला तयार टिक्क्या ठेवायच्या. ही थंड कड फार कामाची, सगळी पंगत एकदम गरम जेवते.

३. शेवटी तवा गरम असतानाच उलथण्यानं खरवडा, पुसा, तेलाचा हात फिरवा. हे काम जिवावर आलं तर घेऊच नका. लोखंड आहे, पावसाळ्यात लगेच गंजतं.

महिन्यातून एकदा तरी लागणार असेल तर जाड पत्र्याचाच घ्या, पातळ पत्रा आचेवर वाकतो.

बंद बाल्कनीत मात्र भट्टी लावू नका, आणि सिलिंडर उभा, तव्यापासून लांब ठेवा.